बोलावलं की येणारा

लखनौला विकास नगरच्या घरात आम्ही वैद्य मंडळी सामान लावत होतो, तेव्हा दारात एक उंच, गोरा मुलगा येऊन उभा राहिला. मुलगा म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा बाप्या. शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. माझ्याकडे न बघता, माझ्या खांद्यामागच्या भिंतीकडे बघत त्याने विचारलं, "तुमच्याकडे कुकर आहे का?"

मला वाटलं, आईने मागायला पाठवलं असेल. "आहे. हवाय का?"

"नको. त्याची शिट्टी कधी होते?"

प्रश्न विचित्र असला, तरी उत्तर सोपं असेल तर मी देऊन टाकते. "सकाळी दूध आलं की लावते."

"म्हणजे दूधवाला गेला की मी गच्चीवर जायचं," तो म्हणाला आणि वळून निघून गेला.

हा श्रीरंग पानसे. शेजारच्या घरातला. वडील रेल्वेत इंजिनियर, आई घरी, हा एकुलता एक. कुकरची शिट्टी, मिक्सर, खणखण वाजणारी स्टीलची भांडी, हे सगळं त्याच्या कानांना टोचायचं. दुसऱ्या दिवसापासून दूधवाल्याची सायकल वळली की हा गच्चीवर आणि मग माझा कुकर गॅसवर. एखाद्या दिवशी दूध उशिरा आलं, की स्वयंपाक उशिरा आणि मी बँकेत उशिरा. आमचे हे म्हणायचे, "शेजाऱ्यांच्या मुलापायी तू मस्टर चुकवतेस." मी म्हणायचे, "एकदा सांगितलंय ना त्याला?" यात प्रेमबीम काही नव्हतं. सांगितलेलं पाळलं नाही तर तो दिवसभर जिन्यात बसून राहतो, हे मी एकदा पाहिलं होतं, आणि त्यापेक्षा उशीर परवडला.

दिल्लीच्या एका डॉक्टरांनी याला ऑटिझम म्हणतात असं पानसेवहिनींना सांगितलं होतं. नव्वदीच्या दशकात लखनौत तो शब्द कुणी ऐकलेला नव्हता. वहिनी तो शब्द जपून, अक्षरं सुटी करून उच्चारायच्या. मराठी मंडळातल्या बायका 'मंद' म्हणायच्या, तेही दबक्या आवाजात, पण वहिनींना ऐकू जाईल इतपत. श्रीरंग शाळेत आठवीपर्यंत गेला, पुढे शाळेनेच नको म्हटलं. तेव्हापासून तो घरात होता आणि त्याच्यामुळे वहिनीही घरात होत्या. त्या भाजी आणायला निघाल्या तरी तो बरोबर. एकट्याने तो फक्त गच्चीवर, नाहीतर आमच्या दारापर्यंत जायचा.

त्याचं बोलणं दोन प्रकारचं होतं. उंबऱ्याच्या आत, त्यांच्या किंवा आमच्या, मराठी, तेही मोजकं. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी, आणि हिंदी म्हणजे अस्सल लखनवी. समोरच्या घरात एक म्हातारे वकील राहायचे. त्यांच्याकडची येणारी-जाणारी माणसं काय बोलतात, ते यानं कठड्याला टेकून वर्षानुवर्षं ऐकलं होतं. लखनौचं बोलणं ठरलेलं असतं. कुणी आलं की काय म्हणायचं, कुणी उठलं की काय म्हणायचं, पान पुढे केलं तर काय, आणि नको असेल तर काय. श्रीरंगला हे फार मानवायचं. आपण मराठी माणसं "काय, कसं काय?" असं काहीतरी विचारतो आणि उत्तराला थांबतही नाही. तो बिचारा उत्तर शोधत उभा राहायचा आणि विचारणारा पुढे गेलेला असायचा.

एकदा आमच्या बँकेचे मोठे साहेब अचानक घरी आले. फाइलीवर सही हवी होती. मी आत हात धूत होते. श्रीरंग आमच्या दारात वर्तमानपत्र परत द्यायला आला होता. मी बाहेर येईपर्यंत त्याने साहेबांना "आदाब, तशरीफ़ रखिए" म्हणून बसवलं होतं आणि पंख्याचं बटण दाबलं होतं. एरवी सगळ्यांवर खेकसणारा तो माणूस मला म्हणाला, "बड़े सलीक़े का लड़का है। आपका है?"

"पड़ोस का है," मी म्हटलं.

"आजकल के लड़कों में यह बात कहाँ!"

हेच श्रीरंगने मंडळाच्या हळदीकुंकवाला केलं. वहिनींबरोबर आला, दारात आलेल्या प्रत्येक बाईला वाकून "आदाब" म्हणाला. सांगलीच्या एक आजी होत्या, त्या माझ्या कानात म्हणाल्या, "अगं बाई, ह्याला बाधाबिधा झालीय का?" वहिनींनी ऐकलं. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत.

आता अमीनाबादची गोष्ट. वहिनींच्या भाचीचं लग्न ठरलं होतं आणि अहेराला चिकनच्या भरतकामाचे कुडते घ्यायचे होते. आम्ही तिघं गेलो. गल्लीच्या आत अनीस मियाँचं दुकान होतं. जमिनीवर पांढरीशुभ्र गादी, तिच्यावर गिऱ्हाईक बसतं आणि समोर माणूस कुडत्यावर कुडते उलगडत जातो. घेणार एक आणि उलगडणार वीस, हा तिथला रिवाज. गिऱ्हाईक उठून गेलं, की मागे कपड्यांचा ढीग उरतो आणि दुकानातला माणूस त्याच्याकडे शत्रूकडे बघावं तसं बघतो.

वहिनी भाव करत होत्या. श्रीरंग गादीच्या कोपऱ्यात बसला आणि ढिगातला एक कुडता ओढून घडी घालायला लागला. बाही आत, दुसरी बाही आत, खालून वर, तळव्याने दाब. मग दुसरा. आमची खरेदी संपेपर्यंत ढीग नाहीसा झाला होता आणि एक सरळ चवड उभी होती. वहिनी ओशाळल्या. "श्री, ठेव ते. दुसऱ्यांचं आहे."

अनीस मियाँ साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे, मेंदी लावलेल्या दाढीचे गृहस्थ होते. ते कौतुकाने बघत होते. आम्ही उठलो, तसे तेही उठले. दुकानदार उठताना म्हणतात ते म्हणाले. म्हणजे आमच्याकडे बघून "फिर तशरीफ़ लाइएगा," आणि श्रीरंगकडे बघून, "बेटे, आप कल भी आइएगा।"

"जी, ज़रूर," श्रीरंग म्हणाला. हे उत्तरही वकीलसाहेबांकडचंच.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी वहिनी पदर सावरत आल्या. चप्पलसुद्धा घातली नव्हती.

"शैला, श्री दिसला का गं तुला?"

"नाही. गच्चीवर बघितलंत?"

"सगळीकडे बघितलं. फाटक उघडं आहे." त्यांचा आवाज बसला होता. "कधीही गेला नाही गं असा. रस्ता ओलांडायचा कसा, ते तरी त्याला माहीत आहे का?"

मी म्हटलं, "वहिनी, आधी पाणी प्या. काल आपण कुठे गेलो होतो?"

"अमीनाबादला. त्याचं काय?"

"त्याला 'उद्या या' म्हणालं होतं कुणीतरी."

वहिनी माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघायला लागल्या. "अगं, ते म्हणतात तसं!"

आम्ही माणसं भरून नेणाऱ्या टेम्पोने कैसरबागपर्यंत आणि पुढे रिक्षाने गेलो. वहिनी वाटभर रस्त्याच्या कडेला बघत होत्या. काय बघायची त्यांना भीती वाटत होती, ते मला कळत होतं, म्हणून मी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. दुकानात शिरलो तर श्रीरंग गादीवर मांडी घालून बसलेला, समोर दुपट्ट्यांचा ढीग, शेजारी चहाचा पेला आणि बशीत शीरमालचा, त्या केशरी गोडसर रोटीचा, तुकडा.

वहिनींनी त्याला दंडाला धरून उठवलं. "न सांगता आलास? न सांगता? मी मेले असते ना!"

"कल बताया था। मैंने 'ज़रूर' कहा था," श्रीरंग म्हणाला.

अनीस मियाँ मध्ये आले. "बहनजी, इन्हें मत डाँटिए। दावत तो हमने दी थी।"

"अरे भाईसाहब, वो तो सब कहते हैं!"

"कहते तो सब हैं," म्हातारे म्हणाले. "हम चालीस बरस से कह रहे हैं। आए यही पहले हैं।" मग श्रीरंगकडे वळून, तितक्याच अदबीने, "बेटे, अब अम्मी के साथ जाइए। और कल आइएगा, मगर घर में पूछकर।"

"जी, ज़रूर."

वहिनी परतताना रिक्षात रडल्या. मग एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "शैला, तो टेम्पोत एकटा बसला. कैसरबागला उतरला. म्हणजे त्याला येतं."

"येतं की," मी म्हटलं.

"मग मी इतकी वर्षं..."

पानसेसाहेबांना हे पटायला वेळ लागला. त्यांनी इंजिनियरी पद्धतीने चाचणी घ्यायची ठरवली. रजा टाकून ते स्कूटरवरून टेम्पोच्या मागे मागे जायचे, हेल्मेट घालून, ओळखू येऊ नये म्हणून. तिसऱ्या का चौथ्या दिवशी कैसरबागच्या चौकात श्रीरंग टेम्पोतून उतरला, सरळ स्कूटरपाशी आला आणि म्हणाला, "बाबा, तुमचं ऑफिस तिकडे आहे." रस्त्यात मराठीत बोललेलं त्याचं हे एकच वाक्य मला माहीत आहे. साहेब दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला गेले.

श्रीरंग अशा रीतीने नोकरीला लागला. अनीस मियाँ त्याला दुकानातल्या इतर माणसांसारखाच पगार द्यायचे. साहेबांनी तो परत करायचा प्रयत्न केला, तेव्हा "काम करते हैं, मेहमान थोड़े ही हैं," असं उत्तर आलं. डबा घरचा, चहा आणि शीरमाल दुकानातला. संध्याकाळी निघताना रोजचा संवाद ठरलेला. "कल आइएगा." "जी, ज़रूर." तो झाल्याशिवाय श्रीरंग पायरी उतरायचा नाही.

त्यात एकदाच घोळ झाला. अमीनाबाद गुरुवारी बंद. बुधवारी संध्याकाळी अनीस मियाँ सवयीने "कल आइएगा" म्हणून गेले आणि गुरुवारी श्रीरंग बंद शटरसमोर उभा. उन्हाचा दिवस होता. शेजारच्या पानवाल्याने त्याला सावलीत यायला सांगितलं, तर म्हणे, "मियाँ ने बुलाया है।" शेवटी पानवाल्याने पोरगा पाठवून अनीस मियाँना घरून बोलावून आणलं. ते जेवण टाकून आले, शटर उघडलं, आणि दोघांनी अर्धा दिवस बंद बाजारात बसून घड्या घातल्या. वहिनींनी नंतर माफी मागितली, तर म्हणाले, "नहीं बहनजी, ज़बान हमारी थी।" तेव्हापासून बुधवारी ते आठवणीने "परसों आइएगा" म्हणायचे. ईद-दिवाळीच्या आधी बोटांवर हिशोब करून नेमका वार सांगायचे. मी त्या दुकानात बऱ्याचदा जायचे. पुढे पुढे मला जाणवलं, की हा म्हातारा आता गिऱ्हाइकांनाही उगाच "फिर आइएगा" म्हणत नाही. म्हणायच्या आधी क्षणभर थांबतो.

दुकान बंद करायच्या वेळी शटरला कुलूप लावलं, की ते ओढून बघायचं काम श्रीरंगचं. तो दोनदा ओढायचा. एकदा हळू, एकदा जोरात. मग मान हलवायचा. तोपर्यंत कुणी निघायचं नाही.

त्या तीन-चार वर्षांत त्याने ज्या गोष्टी केल्या, त्या सांगायला लागलं तर ऐकणाऱ्याला हसू येईल. एका संध्याकाळी तो केस कापून आला. आधी त्याचे केस घरीच कापायचे, साहेब धरायचे आणि वहिनी कापायच्या आणि कैचीच्या आवाजाने हा घर डोक्यावर घ्यायचा. दुकानाजवळच्या न्हाव्याने रोज त्याला सलाम केला, रोज खुर्ची पुसून दाखवली, आणि कधीतरी हा जाऊन बसला. वहिनी त्याला घेऊन माझ्या दारात आल्या आणि रडायला लागल्या. मी पाहिलं, केस तर चांगले कापले होते. पावसाळ्यात टेम्पो बंद पडला, तेव्हा तो नदीच्या पुलावरून चालत घरी आला, भिजून, पण आला. आईसाठी त्याने स्वतःच्या मनाने एक दुपट्टा निवडून आणला. वहिनी साडीच नेसायच्या, पण तो दुपट्टा त्या हिवाळ्यात साडीवरून घ्यायच्या. आणि त्या स्वतः एकट्या बाजारात जायला लागल्या. पहिल्यांदा गेल्या तेव्हा भाजी घेऊन लगेच परत आल्या. दुसऱ्यांदा माझ्याबरोबर हजरतगंजला येऊन कॉफी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हे असं बसायचं मी विसरलेच होते."

आमच्या लखनौतल्या मराठी घरांची एक गंमत होती. प्रत्येक घरात निदान एक खोकं न उघडलेलं असायचं. बदलीचं आयुष्य, कधीतरी परत जायचंच, मग कशाला उघडा? पितळेची भांडी, रुखवताच्या वस्तू, चांगल्या चादरी, सगळं "तिकडे गेल्यावर" वापरायचं. माणसं वीस वीस वर्षं स्टेशनवर बसल्यासारखी राहायची. पानसेंकडे अशी तीन खोकी होती आणि नाशिकला बांधून ठेवलेला बंगला होता. साहेब निवृत्त होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पण श्रीरंगचं दुकानात जाणं सुरू झाल्यावर मी ते विसरले होते. वहिनी विसरल्या नव्हत्या.

खोकी दिवाणखान्यात आली, तेव्हा मी विषय काढला. मला आडपडदा जमत नाही. "वहिनी, इथे त्याचं छान चाललंय. काही वर्षं थांबलात तर?"

"आणि पुढे?" त्या वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होत्या. "ह्यांना साखर आहे. मला दम लागतो. आमच्यामागे त्याला कोण बघणार? अनीस मियाँ? त्यांचं वय काय?"

"नाशिकला तरी कोण बघणार?"

"धाकटे दीर आहेत. पुतण्या आहे, अविनाश. सुना येतील. रक्ताचं कुणीतरी जवळ असावं गं." मग कपबशी बाजूला ठेवून म्हणाल्या, "तुला वाटतं मला कळत नाही? पण तू तरी इथे राहणार आहेस का? तुझीही बदली होईलच."

बदली होणार होतीच, तिचा अर्ज मीच केला होता. त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. आजही मी तो मनात मांडून बघते, तर त्यातली एकही पायरी खोटी निघत नाही.

शेवटच्या दिवशी वहिनी सामानात अडकल्या होत्या. त्यांनी मला सांगितलं, की संध्याकाळी दुकानात जाऊन त्याला घेऊन ये, वेळ लागला तर घाबरेन. मी गेले. श्रीरंगला सगळं सांगितलेलं होतं. नाशिक, गाडी, कुठला बर्थ, सगळं तो घडाघडा म्हणून दाखवायचा. दुकान बंद झालं. त्याने कुलूप दोनदा ओढलं. मान हलवली. मग पायरीवर उभा राहिला.

अनीस मियाँनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "ख़ुश रहिए, बेटे."

श्रीरंग हलला नाही. गल्लीतली माणसं वाट काढून जात होती. मी म्हटलं, "चल श्रीरंग, आई वाट बघतेय."

तो अनीस मियाँच्या खांद्यामागे बघत म्हणाला, "मियाँ, आपने दिन नहीं बताया।"

म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि मिटलं. इतर कुणीही तिथे "आते रहिएगा" म्हणून वेळ मारून नेली असती. मीसुद्धा. त्यांना तेवढं करता आलं नाही. खोटा वार सांगितला तर हा नाशिकहून निघेल, हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. त्यांनी किल्ल्या शेरवानीच्या खिशात टाकल्या आणि म्हणाले, "आज हम आपको छोड़ने चलते हैं।"

मग आम्ही तिघं कैसरबागपर्यंत चालत गेलो. गर्दीत अनीस मियाँ त्याच्या पुढे चालत होते, रिक्षावाल्यांना हाताने थोपवत. श्रीरंग टेम्पोत बसला, मी बसले. टेम्पो हलला, तेव्हा श्रीरंगने वाकून बाहेर पाहिलं. म्हातारा हात छातीशी धरून उभा होता. अजूनही त्याने वार सांगितलेला नव्हता.

पुढे माझी बदली नागपूरला झाली. निघण्याआधी मी दुकानात गेले. पुढल्या हिवाळ्यात माझ्या पुतणीच्या लग्नाला नाशिकला जायचं ठरलं होतं, म्हणून विचारलं, "श्रीरंग को कुछ कहूँ आपकी तरफ़ से?"

अनीस मियाँनी कुडत्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं. "नहीं. कुछ मत कहिएगा। वो इंतज़ार करेंगे।" मग म्हणाले, "वहाँ जी लग गया होगा उनका? अपने लोग हैं।"

नाशिकचा बंगला प्रशस्त होता. पुढे बाग, रंगवलेलं फाटक. खोक्यांतली पितळेची भांडी आता शोकेसमध्ये लखलखत होती. वहिनींनी मला मिठी मारली. त्या वाळल्या होत्या. श्रीरंग जाडा झाला होता आणि त्याचे केस वेडेवाकडे कापलेले होते. मी विचारायच्या आधीच वहिनींनी चहा टाकता टाकता सगळं सांगितलं.

पुतण्या अविनाश, त्याचं मेनरोडला साड्यांचं दुकान. वास्तुशांतीच्या जेवणात तो श्रीरंगच्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "काय श्री, ये की दुकानात! आपलंच आहे." श्रीरंग दुसऱ्या दिवशी गेला. साड्यांच्या घड्या घातल्या. पुन्हा गेला. गिऱ्हाईक बायकांना वाकून "आदाब" म्हणाला. साडी खांद्यावर टाकून बघणाऱ्या बाईच्या निऱ्यांकडे टक लावून बसला. त्या आठवड्याच्या शेवटी अविनाश घरी आला.

"काकू, राग मानू नका. दुकानात लेडीज असतात. मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं होतं."

"त्याला तसं सांग ना मग तू," वहिनी म्हणाल्या होत्या.

"त्याला काय सांगायचं, काकू? त्याला कळतं का?"

तो वाईट मुलगा नाही, असं वहिनी मला दोनदा म्हणाल्या. असेलही. श्रीरंग त्यानंतरही जात राहिला, कारण बोलावलेलं होतं आणि येऊ नको असं त्याला कुणी म्हणालं नव्हतं. दोनदा अविनाशने स्कूटरवरून आणून सोडलं. तिसऱ्यांदा दुकानातल्या नोकराने त्याला पायरीवरून ढकललं, कोपर फुटलं. मग फाटकाला कुलूप आलं. "रस्ता मोठा आहे ना इथला," वहिनी म्हणाल्या. लखनौचे रस्ते लहान होते, असं नाही.

आता दिवसभर तो कपाट उघडतो, सगळे कपडे काढतो, पलंगावर ढीग करतो, आणि घड्या घालून परत लावतो. दुपारी पुन्हा.

"थांबलो असतो तर, शैला?" वहिनींनी एकदम विचारलं.

"तेव्हा कुणाला माहीत होतं," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. दोघींचंही त्यानं समाधान झालं नाही. शोकेसच्या काचेत बाहेरचं फाटक दिसत होतं आणि त्या तिकडेच बघत होत्या.

मी निघाले तेव्हा वहिनींचा पाय दुखत होता. त्यांनी किल्ली श्रीरंगच्या हातात दिली. "काकूंना सोड आणि फाटक लाव." तो माझ्यापुढे चालत गेला, कुलूप काढलं, फाटक उघडून बाजूला उभा राहिला. मी रस्त्यावर आले. मी बाहेर आणि तो आत. उंबऱ्याबाहेरच्या त्याच्या त्या भाषेत, जी त्या गावात त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं, तो माझ्या खांद्यामागे बघत म्हणाला, "वैद्य आंटी, कल आइएगा।"

माझी गाडी त्याच संध्याकाळची होती. पर्समध्ये तिकीट होतं, नागपूरला बँक होती. मी म्हटलं, "उद्या नाही जमणार, श्रीरंग."

"परसों?"

"परवाही नाही."

तो पुढच्या वाराची वाट बघत थांबला. रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

"जी," श्रीरंग म्हणाला. त्याने फाटक ओढून घेतलं, गजांमधून हात घालून कुलूप लावलं, आणि किल्ली काढली. मग कुलूप दोनदा ओढून पाहिलं. एकदा हळू, एकदा जोरात. मान हलवली, आणि तो घरात गेला.